अंदाज चुकला, औषध लागू पडलं!

सोरायसिसनं त्रासलेल्या एका जर्मन रसायनतज्ज्ञानं १९५९ साली एक तर्क मांडला. शरीरातलं सायट्रिक ॲसिडचं चक्र बिघडलं की हा रोग होतो, असं त्याचं म्हणणं होतं. तर्क टिकला नाही. पण त्याच्या बळावर त्यानं शोधलेलं औषध मात्र टिकलं आणि आता संशोधक पुन्हा त्याच चक्राकडे वळले आहेत.

मे महिन्याचं ऊन भाजून काढत असतं आणि लग्नाच्या मांडवात एकच मुलगी पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून उभी असते. गाडीत शेजारी बसलेला माणूस हाताकडे पाहून हळूच सरकून बसतो. केशकर्तनालयात कारागीर मानेवरच्या खपल्या बघतो आणि कात्री थांबते. घरात मात्र रोज सकाळी गादीवरचा भुसा झटकून आई मुकाट्यानं चादर बदलते. सोरायसिस म्हणजे काय, हे अशा घरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही.

कुणी त्याला इसब म्हणतं, कुणी गजकर्ण, तर कुणी दबक्या आवाजात महारोगाचं नाव घेतं. खरं म्हणजे सोरायसिस यांपैकी काहीच नाही. तो जंतूंमुळे होत नाही. हात लावल्यानं, एका ताटात जेवल्यानं, एकाच टॉवेलला अंग पुसल्यानं तो कुणालाही लागत नाही. तरीही गैरसमज फार जुना आहे. युरोपातही शतकानुशतकं सोरायसिसच्या रुग्णांना महारोगी समजून गावाबाहेर काढलं जाई. इंग्लंडमधले डॉक्टर रॉबर्ट विलन यांनी १८०८च्या सुमारास या रोगाचं नीट वर्णन केलं आणि १८४१ मध्ये व्हिएन्नाचे फर्डिनांड हेब्रा यांनी तो महारोगापासून स्पष्टपणे वेगळा काढला.

भारतात प्रौढ माणसांमध्ये या रोगाचं प्रमाण वेगवेगळ्या पाहण्यांनुसार अर्ध्या टक्क्याहून किंचित कमी ते पावणेतीन टक्क्यांपर्यंत आढळलं आहे. टक्केवारी लहान दिसते, पण आपल्या लोकसंख्येला लावून पाहा. आकडा कित्येक लाखांपासून थेट कोटीच्या घरात जातो.

अठ्ठावीस दिवसांचं काम चार दिवसांत

आपली कातडी रोज नवी होत असते. सगळ्यात खालच्या थरात पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाळतात आणि आपल्या नकळत झडून जातात. या प्रवासाला साधारण चार आठवडे लागतात. सोरायसिसमध्ये हाच प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशींना पक्व व्हायला वेळच मिळत नाही. अर्धवट तयार झालेल्या पेशींची वर गर्दी होते आणि चंदेरी खपल्यांचे थर साचतात. खाली रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, म्हणून चट्टा लाल दिसतो. कोपर, गुडघे, डोक्याची त्वचा आणि कंबरेचा मागचा भाग या त्याच्या आवडत्या जागा. नखांना टाचणीच्या टोकासारखे खड्डे पडतात. दहांतल्या दोन-तीन रुग्णांचे सांधेही धरतात.

ही घाई पेशींना कोण लावतं? आज याचं उत्तर स्पष्ट आहे. रोगाशी लढण्यासाठी असलेल्या आपल्याच पांढऱ्या पेशी कातडीत शिरून विनाकारण दाह पेटवतात. पण १९५०च्या दशकात हे उत्तर कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेक डॉक्टर सोरायसिस हा फक्त कातडीचा दोष मानत. डांबराचं मलम, सॅलिसिलिक ॲसिड, आर्सेनिकचे थेंब असा तेव्हाचा औषधोपचार होता.

गोव्याच्या नावाची भुकटी

त्या काळच्या औषधांच्या फडताळात एक औषध असं होतं, ज्याचा धागा थेट आपल्या गोव्याशी जुळतो. ब्राझीलमधल्या अरारोबा नावाच्या झाडाच्या खोडातून पिवळसर भुकटी निघते. पोर्तुगीजांनी ती समुद्रमार्गे गोव्यात आणली. गजकर्णावर ती रामबाण, असा तिचा लौकिक झाला. मूळ झाड सातासमुद्रापलीकडचं, पण व्यापारात नाव पडलं 'गोवा पावडर'!

लंडनमधल्या एका रुग्णानं आपल्या अंगावरचे चट्टे गजकर्णाचे समजून ही भुकटी लावली. चट्टे गेले. त्याचे डॉक्टर बालमानो स्क्वायर यांनी पाहिलं, तर रोग गजकर्ण नव्हताच, तो सोरायसिस होता. १८७६ मध्ये त्यांनी ही माहिती प्रसिद्ध केली. पुढे पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मनीला ब्राझीलची भुकटी मिळेनाशी झाली. तेव्हा जर्मन रसायनतज्ज्ञांनी प्रयोगशाळेत तिच्यासारखं द्रव्य बनवलं. १९१६ मध्ये वापरात आलेलं ते औषध म्हणजे डिथ्रॅनॉल. कपड्यांना आणि कातडीला डाग पाडणारं हे औषध अजूनही सोरायसिसवर दिलं जातं.

म्हणजे निदान चुकलं आणि औषध सापडलं. सोरायसिसच्या इतिहासात ही गंमत पुन्हा पुन्हा घडते. त्यातली सगळ्यात विलक्षण गोष्ट आहे ती सायट्रिक ॲसिडची.

लिंबातलं आम्ल आणि पेशीतला रहाट

सायट्रिक ॲसिड म्हणजे लिंबाला आंबटपणा देणारं आम्ल. स्वीडनच्या कार्ल शेले यांनी १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून स्फटिकरूपात वेगळं केलं. स्वयंपाकघरात आपण त्याला 'लिंबूफूल' किंवा 'लिंबूसत्त्व' म्हणून ओळखतो. पण हे आम्ल फक्त लिंबात नसतं. तुमच्या-आमच्या शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी ते क्षणोक्षणी तयार करत असते आणि क्षणोक्षणी मोडतही असते.

हे कसं होतं? विहिरीवरचा रहाट डोळ्यांसमोर आणा. गाडगं खाली जातं, पाणी भरून वर येतं, पन्हळीत ओततं आणि रिकामं होऊन पुन्हा खाली जातं. पेशीतही असाच एक रहाट आहे. आपण खाल्लेली भाकरी, साखर, तूप यांचे शेवटी लहान लहान तुकडे होतात. हा तुकडा रहाटाच्या पहिल्या गाडग्यात पडतो आणि सायट्रिक ॲसिड बनतं. मग एकामागून एक आम्लं तयार होतात. सहाव्या टप्प्यावर येतं फ्युमरिक ॲसिड. त्यातून मॅलिक ॲसिड आणि शेवटी पुन्हा सुरुवातीचं रिकामं गाडगं. या फेऱ्यात जी शक्ती बाहेर पडते, तिच्यावर आपण चालतो, बोलतो, श्वास घेतो.

हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांनी कबुतराच्या छातीच्या स्नायूंवर प्रयोग करून या फेऱ्यातलं फ्युमरिक ॲसिडचं महत्त्व दाखवलं. १९३७ च्या त्यांच्या नोबेल पारितोषिकाच्या मानपत्रात 'क' जीवनसत्त्वाच्या जोडीला फ्युमरिक ॲसिडचाही उल्लेख आहे. त्याच वर्षी हान्स क्रेब्ज यांनी संपूर्ण चक्राची मांडणी केली. क्रेब्ज जन्मानं जर्मन ज्यू. हिटलर सत्तेवर येताच १९३३ मध्ये त्यांची नोकरी गेली आणि ते इंग्लंडला आले. शेफिल्डमधून त्यांनी आपला शोध 'नेचर' या विख्यात नियतकालिकाकडे पाठवला. उत्तर आलं की सात-आठ आठवडे पुरतील इतकी पत्रं आमच्याकडे शिल्लक आहेत. शोधनिबंध दुसरीकडे छापून आला आणि १९५३ मध्ये त्याच शोधासाठी क्रेब्ज यांना नोबेल मिळालं! आज जगभरची मुलं बारावीला 'क्रेब्ज चक्र' घोकतात.

स्वतःच्याच अंगावर प्रयोग

क्रेब्ज यांच्या नोबेलनंतर सहा वर्षांनी जर्मनीतल्या वाल्टर श्वेकेनडीक या रसायनतज्ज्ञानं एका वैद्यकीय मासिकात लेख लिहिला. विषय होता सोरायसिस बरा करण्याचा. श्वेकेनडीक डॉक्टर नव्हते, पण रोगाशी त्यांची ओळख फार जवळची होती. ते स्वतः सोरायसिसचे रुग्ण होते.

त्यांचा तर्क साधा आणि मोहक होता. सोरायसिसच्या रुग्णात सायट्रिक ॲसिडचं चक्र कुठेतरी अडतं. फ्युमरिक ॲसिडचं गाडगं कमी पडतं. म्हणून पेशींचं तंत्र बिघडतं. मग बाहेरून फ्युमरिक ॲसिड दिलं तर? रहाट पुन्हा सुरळीत फिरेल आणि चट्टे जातील.

त्यांनी औषध आधी स्वतः घेतलं. नुसतं फ्युमरिक ॲसिड पोटाला सोसत नाही आणि आतड्यातून अंगातही फारसं शोषलं जात नाही. म्हणून त्यांनी त्याची संयुगं, म्हणजे एस्टर घेऊन पाहिली. आणि चट्टे खरोखर ओसरू लागले.

डॉक्टरमंडळींनी मात्र फारसं लक्ष दिलं नाही. लिहिणारा डॉक्टर नव्हता, प्रयोग स्वतःवरचा होता आणि तर्काला पुरावा नव्हता. पुढे गुंटर शेफर या जर्मन डॉक्टरांनी ही उपचारपद्धती उचलून धरली. गोळ्या आणि जोडीला पथ्याचा आहार असं तिचं स्वरूप होतं. जर्मनी, स्वित्झर्लंड आणि नेदरलँड्समध्ये रुग्णांनीच एकमेकांना सांगून तिचा बोलबाला केला. बरं वाटलेले रुग्ण होते, तसे त्रास झालेलेही होते. कुणाच्या पोटात मुरडा येई, कुणाचा चेहरा अचानक लालबुंद होई. काहींच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याच्या नोंदी झाल्या. औषधाचं प्रमाण ठरलेलं नाही, शुद्धतेची हमी नाही, रक्त तपासायची शिस्त नाही. तर्क कितीही चांगला असो, त्याचं औषध व्हायला जी वाट चालावी लागते ती अजून चालायची होती.

ती वाट शेवटी चालली गेली. नेमकी कोणती संयुगं किती द्यायची, याचे पद्धतशीर अभ्यास झाले. १९९४ मध्ये जर्मनीतल्या १०० रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काहींना खरी गोळी, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी आणि कुणाला काय मिळतंय हे डॉक्टरलाही ठाऊक नाही, असा चोख बंदोबस्त होता. सोळा आठवड्यांत खऱ्या गोळीच्या गटात रोगाची तीव्रता सरासरीनं निम्म्यावर आली. त्याच वर्षी जर्मन सरकारनं 'फ्युमाडर्म' या नावाच्या गोळीला मान्यता दिली. श्वेकेनडीक यांच्या लेखाला तोवर ३५ वर्षं झाली होती.

२०१७ मध्ये ६७१ रुग्णांवरच्या मोठ्या युरोपीय चाचणीचे आकडे आले. त्यात फक्त डायमिथाइल फ्युमरेट हे एकच संयुग असलेल्या गोळीनं १६ आठवड्यांत ३७.५ टक्के रुग्णांचा रोग तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कमी झाला. औषध नसलेल्या गोळीच्या गटात हे प्रमाण १५.३ टक्के होतं. जादू नव्हे, पण फरक खरा होता. त्याच वर्षी या गोळीला युरोपात मान्यता मिळाली. त्याआधी २०१३ मध्ये हेच संयुग अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या रोगावर मान्य झालं होतं. कातडीच्या औषधानं मेंदूच्या रोगातही काम करावं, याचं कारण एकच. दोन्हीकडे आपलीच रोगप्रतिकार यंत्रणा आपल्यावर उलटलेली असते.

मग तर्काचं काय झालं?

संशोधकांनी शोध घेतला तेव्हा दिसलं की हे औषध रहाटाचं रिकामं गाडगं भरून काम करत नाही. ते पांढऱ्या पेशींचं वागणं बदलतं. दाह पेटवणारे संदेश दबतात, पेशीची स्वतःचं रक्षण करणारी व्यवस्था जागी होते आणि रक्तातल्या लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या उतरते. म्हणजे श्वेकेनडीक यांचं निदान चुकलं होतं, औषध मात्र बरोबर होतं.

सोरायसिसचं कोडं उलगडलं तेही अशाच योगायोगांनी. १९५१ मध्ये अमेरिकेत डॉक्टर गुबनर अमिनोप्टेरिन हे औषध सांधेदुखीवर आजमावत होते, तेव्हा सोरायसिसचे चट्टे ओसरताना दिसले. हे औषध ज्या चमूनं तयार केलं, तिचे प्रमुख होते आपल्या आंध्रच्या भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच औषधाचं सुधारलेलं भावंड म्हणजे मेथोट्रेक्सेट. भारतातल्या सोरायसिसच्या असंख्य रुग्णांचा तोच आजवरचा आधार आहे. याच सुब्बारावांनी सायरस फिस्के यांच्यासोबत १९२९ मध्ये पेशीतलं शक्तीचं चलन म्हणजे एटीपी शोधलं होतं. क्रेब्जचा रहाट फिरतो, तो अखेर हेच एटीपी बनवण्यासाठी! मग १९७९ मध्ये सायक्लोस्पोरिन या औषधानं सोरायसिस ओसरतो, असं दिसलं. हे औषध पांढऱ्या पेशींना आवर घालतं. रोगाचं मूळ कुठे आहे याचा हा मोठा पुरावा ठरला. पुढची नवी इंजेक्शनं याच समजुतीवर उभी राहिली. बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीचं इटोलिझुमॅब हे त्यांतलंच एक, २०१३ मध्ये भारतात बाजारात आलेलं.

एवढ्यावर गोष्ट संपली असती. पण २०१८ हे वर्ष उजाडलं आणि जुन्या तर्काला अनपेक्षित सोबती मिळाले.

त्या वर्षी अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की डायमिथाइल फ्युमरेट पांढऱ्या पेशींच्या साखर जाळण्याच्या यंत्रणेतच खीळ घालतं. चिडलेल्या पेशींना भरपूर इंधन लागतं. ते मिळालं नाही की त्या नरमतात. म्हणजे पेशीच्या चुलीशी या औषधाचा संबंध होता तर!

दुसरा धागा याहून सुरस आहे. सायट्रिक ॲसिड तापवलं की इटॅकोनिक ॲसिड नावाचं आम्ल मिळतं, हे १८३६ पासून ठाऊक आहे. चक्रातल्या अ‍ॅकोनिटिक ॲसिडशी त्याचं जवळचं नातं, म्हणून त्या नावातलं शेवटचं 'इट' उचलून पुढे ठेवलं आणि 'इटॅकोनिक' हे नाव तयार केलं. हे आम्ल म्हणजे फक्त कारखान्यातला कच्चा माल, असा अनेक वर्षं समज होता. २०१३ मध्ये कळलं की आपल्या शरीरातल्या जंतूभक्षक पेशीही दाहाच्या वेळी सायट्रिक ॲसिडच्या चक्रातून थोडा माल बाजूला काढून हेच आम्ल बनवतात. २०१८ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या संशोधकांच्या पुढाकारानं झालेल्या कामात दिसलं की हे आम्ल दाहाला लगाम घालतं. आग लावणाऱ्या पेशी स्वतःच पाण्याची बादलीही भरून ठेवतात! त्याच वर्षी अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सोरायसिससारखा रोग घडवलेल्या उंदरांना इटॅकोनिक ॲसिडचं एक संयुग दिलं. कातडीवरचा दाह लक्षणीयरीत्या कमी झाला.

उंदरावरून माणसावर यायला वाट लांब असते. उंदराला साधलं ते माणसाला साधेलच असं नाही. पण सायट्रिक ॲसिडचं चक्र आणि सोरायसिस यांचा काही संबंध असावा, असं १९५९ मध्ये म्हणणारा माणूस अगदीच चुकीच्या दारावर उभा नव्हता, एवढं तरी आता म्हणता येतं.

तेच औषध, तेच विष

इथे कुणाच्याही मनात येईल की हे आम्ल एवढं गुणाचं, मग ते चट्ट्यावर चोळून का पाहू नये? याचं उत्तर युरोपातल्या हजारो लोकांनी अंगावर काढलं आहे.

२००७च्या सुमारास फिनलंड, ब्रिटन, फ्रान्स अशा देशांत माणसं अचानक पाठीवर, मांड्यांवर भाजल्यासारखे लाल चट्टे घेऊन डॉक्टरांकडे येऊ लागली. शोध घेता घेता तपास पोहोचला दिवाणखान्यातल्या नव्या चिनी सोफ्यापर्यंत. बुरशी लागू नये म्हणून सोफ्याच्या कातडी आवरणाखाली एका पावडरीच्या पुड्या ठेवल्या होत्या. बसणाऱ्याच्या अंगाच्या उबेनं पावडरीची वाफ होई आणि कपड्यांतून कातडीला भिडे. ती पावडर होती डायमिथाइल फ्युमरेट! सोरायसिसच्या रुग्णांना गोळीतून दिलं जाणारं तेच द्रव्य. पोटातून गेलं तर दाह शमवणारं, कातडीला लागलं तर भयंकर ॲलर्जी उठवणारं. २००९ मध्ये युरोपीय संघानं ग्राहकोपयोगी वस्तूंमधल्या त्याच्या वापरावर बंदी घातली.

गोळीही निर्धोक नाही. २०१३ मध्ये फ्युमरेट घेणाऱ्या काही सोरायसिसच्या रुग्णांना मेंदूचा एक दुर्मिळ आणि जीवघेणा संसर्ग झाल्याचं प्रसिद्ध झालं. त्यांच्या रक्तातल्या लिम्फोसाइट दीर्घकाळ फार खाली राहिल्या होत्या. म्हणून ही गोळी घेणाऱ्याचं रक्त ठरावीक काळानं तपासणं आणि पेशी फार उतरल्या तर औषध बंद करणं हा नियमच झाला. १९५९ मध्ये स्वतःवर प्रयोग करणाऱ्या माणसाला ही तपासणी माहीत नव्हती. आजच्या रुग्णाला ती माहीत असायलाच हवी.

लिंबू चोळू नका

आपल्याकडे कातडीवर काही उठलं की पहिला सल्ला येतो, "अगं, लिंबू चोळ!" घरच्या माणसाच्या मायेनं दिलेला हा सल्ला सोरायसिसच्या रुग्णाला महागात पडतो. कारणं दोन.

पहिलं म्हणजे आम्लानं सुजलेली कातडी आणखी सोलवटते. सोरायसिसची एक खोड १८७० च्या दशकात जर्मन डॉक्टर कोबनर यांनी नोंदवली होती. जिथे कातडी खरचटते, भाजते किंवा घासली जाते, तिथेच नवा चट्टा उमटतो. म्हणजे लिंबानं सोललेल्या जागी रोगाला आमंत्रणच!

दुसरं कारण उन्हाचं. लिंबाच्या सालीत सोरॅलेन जातीची द्रव्यं असतात. आपल्या बावचीच्या बियांतही ती असतात. लिंबाचा रस लागलेली कातडी उन्हात आली की ही द्रव्यं चेकाळतात आणि फोड येतात. नंतर महिनोन्महिने काळे डाग राहतात. याच सोरॅलेनचा मोजून-मापून उपयोग डॉक्टर करतात. गोळी देऊन ठरावीक मिनिटं अतिनील किरण देण्याची पद्धत १९७० च्या दशकात सोरायसिसवर सुरू झाली. फरक मोजमापाचा आहे. दवाखान्यातलं यंत्र मिनिटं मोजतं, माथ्यावरचा सूर्य मोजत नाही.

लिंबू सरबत मात्र खुशाल प्या. पोटात गेलेलं सायट्रिक ॲसिड पचून जातं. त्यानं सोरायसिस वाढत नाही आणि बराही होत नाही. रहाटाला लागणारं सायट्रिक ॲसिड पेशी स्वतः बनवतात, त्यांना बाजारातून आणावं लागत नाही.

असंच पित्तपापड्याचं. उत्तरेत पित्तपापडा किंवा शाहतरा म्हणून जी वनस्पती कातडीच्या विकारांवर दिली जाते, ती फ्युमारिया कुळातली. फ्युमरिक ॲसिडला नाव मिळालं तेच या कुळावरून. योगायोग सुंदर आहे. पण आपण पाहिलंच की नुसतं फ्युमरिक ॲसिड अंगात फारसं शोषलं जात नाही, काम करतात ती त्याची बनवलेली संयुगं. शिवाय पित्तपापडा या एका नावानं आपल्या बाजारात वेगवेगळ्या वनस्पती विकल्या जातात. तेव्हा नावावर भुलून काढा उकळू नये.

चौकट : सोरायसिस असलेल्या घरासाठी

• निदान त्वचारोगतज्ज्ञाकडूनच करून घ्या. गजकर्ण, इसब आणि सोरायसिस दिसायला सारखे वाटले तरी त्यांची औषधं वेगळी आहेत.

• औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनानं स्टेरॉइडचं मलम आणू नका. आठ दिवस बरं वाटतं, पुढे कातडी पातळ होते. पोटात घेतलेली स्टेरॉइडची गोळी एकदम सोडली तर रोग उसळून पू भरलेले फोड अंगभर येऊ शकतात.

• मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर ते सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतल्यानं माणसं दगावली आहेत. वार ठरवा आणि कॅलेंडरवर खूण करा. गरोदरपणात हे औषध चालत नाही. मूल हवं असेल तर पती-पत्नी दोघांनीही आधी डॉक्टरांशी बोलावं.

• आंघोळीनंतर कातडी ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावा. खपल्या नखानं ओढून काढू नका.

• दारू आणि सिगारेट सोडा, वजन आटोक्यात ठेवा. सकाळी बोटं किंवा सांधे आखडत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

• 'मुळासकट बरा करतो' अशी हमी देणाऱ्यापासून दूर राहा. सोरायसिस आटोक्यात राहतो, वर्षानुवर्षं शांतही राहतो, पण कायमची हमी आज कुठल्याच औषधाची नाही.

चट्ट्यापलीकडचं दुखणं

मे २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेनं सोरायसिसवर खास ठराव केला. कातडीच्या रोगावर सगळ्या देशांनी एकत्र येऊन ठराव करावा याचं कारण नुसती खाज नव्हती. या रोगामुळे लोक नोकरी गमावतात, लग्नं मोडतात, माणसं घराबाहेर पडणं सोडतात आणि मनानं खचतात, हे त्या ठरावामागे होतं. दरवर्षी २९ ऑक्टोबर हा दिवस जागतिक सोरायसिस दिन म्हणून पाळला जातो, तोही लोकांना एवढंच सांगण्यासाठी की हा रोग लागट नाही.

प्रयोगशाळेत सायट्रिक ॲसिडच्या रहाटावर काम चालू आहे. त्यातून नवी गोळी येईल, किंवा गोवा पावडरीसारखं भलतंच काही हाती लागेल. तोवर घरच्या माणसांना करता येण्यासारखं एक औषध आहे आणि त्याला चिठ्ठी लागत नाही. पूर्ण बाह्यांचा ब्लाऊज घालून मांडवात कोपऱ्यात उभ्या असलेल्या त्या मुलीचा हात धरा आणि तिला पंगतीत आपल्या शेजारी बसवा. चारचौघांत, सगळ्यांना दिसेल असं.